वाकळ वाळली का?

आमच्या हॉलमधल्या मोठ्या भिंतीचा रंग कोणता, असं कुणी विचारलं की मी "गेरू" म्हणते आणि आमचे हे "अर्धवट" म्हणतात. रंगारी तर अजून रस्त्यात भेटला की तोंड फिरवून जातो. त्या भिंतीला पुट्टी मारू नको, घासून गुळगुळीत करू नको, हाताचे फटकारे दिसू दे, असं मी त्याच्या मागं उभं राहून तीन दिवस सांगत होते. "वहिनी, लोक म्हणतील रंगारी काम टाकून पळाला," असं तो बिचारा काकुळतीला येऊन म्हणाला. मी ऐकलं नाही. त्या दिवसांत मी कुणाचंच ऐकत नव्हते.

धाराशिवला बायपासच्या पलीकडं आमचं घर आहे. मी सरकारी कचेरीत लिपिक, हे हायस्कुलात मास्तर. पोरगा पुण्याला शिकतो. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. नात्यानं त्या माझ्या आत्या लागत नाहीत, पण आमच्याकडं सासूला असंच म्हणतात. आत्याबाई येरमाळ्याजवळच्या खेड्यातल्या. सासरे गेल्यावर आमच्याकडं राहायला आल्या. चाळीस किलोची बाई, पण अजून सुईत दोरा स्वतः ओवते आणि जेवायला बसताना भिंतीचा आधार घेत नाही. बोलणं थोडं. पण जे बोलतील त्यानं समोरच्याची बोलती बंद होते.

मला घर सजवायचं वेड लागलं ते फिरण्यानं. परंड्याला माझ्या माहेरी भिंतीवर कॅलेंडर सोडून काही नसायचं, ते सुद्धा किराणा दुकानाचं. लग्नानंतर ह्यांच्या सुट्ट्यांमुळं आमचं फिरणं सुरू झालं. दरवर्षी एक सहल. लोक किल्ले बघायचे, मी पडदे बघायची. कुठल्या राजवाड्यात कोणता राजा राहायचा ते मला आजही सांगता यायचं नाही, पण त्याच्या गादीच्या खोळीला गोंडे कुठल्या रंगाचे होते ते झोपेतून उठवून विचारा. गाईड पुढं निघून जायचा, हे हाका मारत राहायचे आणि मी दोरीच्या पलीकडं वाकून एखाद्या चादरीची उलटी बाजू बघत असायची. टाका खरा का खोटा ते उलट्या बाजूनंच कळतं.

मग घरी सामान यायला लागलं. भुजहून आरसे लावलेल्या उशा आल्या. जयपूरहून हत्तींच्या ठशांच्या चादरी आल्या. ओडिशातून एक चित्र आलं, त्यातल्या बाईचे डोळे एवढे मोठे की "ही मला जेवू देत नाही" म्हणून ह्यांनी ताट घेऊन जागा बदलली. चांगला धडधाकट सोफा मी काढून टाकला आणि जमिनीलगत बैठक केली, वर ठशांच्या चादरी, मागं आरशांच्या उशा. आमच्या कचेरीतले साहेब चहाला आले आणि त्या बैठकीत बसले ते बसलेच. दोघांनी दोन बाजूंनी धरून उठवलं तेव्हा उठले. ह्यांचे हेडमास्तर उशी मांडीखाली घेऊन बसले होते. ते गेल्यावर मी पाहिलं तर उशीचा एक आरसा कमी. तो त्यांच्या पँटला चिकटून शाळेत गेला होता. दुसऱ्या दिवशी ह्यांनी तो आणून माझ्या हातावर ठेवला आणि आंघोळीला गेले.

आत्याबाई हे सगळं बघत असायच्या. बांबूच्या टोपलीत मी दिवा बसवून ती छताला टांगली, तेव्हा त्यांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "टोपलं उलटं कशापायी टांगलंय? कोंबडी झाकायची व्हती का?" कोकणातल्या समुद्रावरून मी वाळकी, लाटांनी घासून पांढरी झालेली लाकडं आणली होती. दोन दिवस पिशवीत जपून, एसटीत मांडीवर घेऊन. ती मी दारातल्या मातीच्या घागरीत रचून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी घागर रिकामी. मागच्या अंगणात चुलीवर पाणी तापत होतं. "जळाण दारात कशाला ठेवतीस गं?" आत्याबाई म्हणाल्या. मी कपाळावर हात मारला. "पाणी मात्र आज कडक तापलं," असं हे टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाले.

एवढं सगळं झालं तरी ती गेरूची भिंत मोकळीच होती. तिच्यावर काय लावावं ते सुचत नव्हतं. मग आम्ही उदयपूरला गेलो.

तिथल्या हॉटेलात शिरताच समोर भिंतीवर, काठीला लटकवलेली, वरून पिवळा उजेड सोडलेली एक गोधडी. आमच्याकडं जिला वाकळ म्हणतात ती. जुन्या कपड्यांचे थर, वरून धावदोरा, काठाला वेगळ्या रंगाची पट्टी. मी बॅग खाली टाकली आणि जाऊन तिला हात लावला. काउंटरवरचा पोरगा ओरडला, "मॅडम, छूना मना है. ये आर्ट है." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अरे बाबा, तुझ्या असल्या आठ आर्ट आमच्या घरी पलंगाखालच्या ट्रंकेत पडल्यात! आणि टाका तुझ्या आर्टपेक्षा बारीक! हे सगळं मी त्याला मराठीत सांगितलं. त्याला एक शब्द कळला नाही, पण माझा आवाज कळला असावा, कारण नंतर त्यानं आम्हाला वरच्या मजल्यावरची खोली दिली.

परतल्यावर हातपाय धुवायच्या आधी मी आत्याबाईंकडं गेले. "आत्याबाई, मला तुमची एक वाकळ पाहिजे." त्यांचा चेहरा असा खुलला की मला अजून दिसतो. बावीस वर्षांत मी त्यांच्याकडं पांघरायला काही मागितलं नव्हतं. माझी आपली दुकानातली दुलई. "पायजे व्हय? घे की! थंडी वाजती का?" असं म्हणून त्यांनी स्वतः ट्रंक ओढली आणि सगळ्यात वरची नाही, तळातली काढून दिली. हिरव्या लुगड्याची, मधे सासऱ्यांच्या धोतराचे पांढरे तुकडे, एका कोपऱ्यात ह्यांच्या शाळेतल्या खाकी चड्डीचं ठिगळ, चारी बाजूंनी लाल काठ. "ही ऊबदार हाय," त्या म्हणाल्या. मी थंडीचं काही बोलले नाही. हो पण म्हणाले नाही आणि नाही पण म्हणाले नाही. हे माझं पहिलं पाप.

दुसऱ्या दिवशी त्या देवळात गेल्या आणि मी सुताराला बोलावून वाकळ भिंतीवर चढवली. वर सागवानी काठी, तिच्यावर दोन पिवळे फोकस. समोर पंखा होताच, तो पहिल्यापासून होता. गेरूच्या भिंतीवर हिरवं, पांढरं, लाल असं काही उठून दिसलं की मला खरंच भरून आलं. मी लांब जाऊन बघितलं, जवळ जाऊन बघितलं. उदयपूरच्या त्या पोराला आणून इथं उभं करावं असं वाटलं.

आत्याबाई आल्या. चप्पल काढता काढता थांबल्या.

"अगं बया! हॉलात वाकळ कुणी वाळत घातली?"

"वाळत नाही घातली, आत्याबाई. शोला लावलीय."

"शोला?" त्या भिंतीपाशी गेल्या, फोकसकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं. "काढ पोरी. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, केवढ्या कलाकार आहेत तुमच्या सासूबाई."

आत्याबाई नुसत्या त्या फोकसकडं बघत राहिल्या.

लोक काय म्हणाले ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. दूधवाली दारात आली, आत डोकावली आणि म्हणाली, "वाळली का वो?"

आता हे ज्याला कळलं नाही त्याच्यासाठी सांगते. आमच्या भागात वाकळ ही आतल्या खोलीतली वस्तू. ती दिवसाढवळ्या चारचौघांना दिसते ती एकाच कारणासाठी. रात्री कुणीतरी मुतलेलं असतं. सकाळी ती धुऊन भिंतीवर, कुंपणावर, दोरीवर पडते आणि येणारा जाणारा त्या घरच्या पोराला विचारतो, "वाळली का रे?" आणि पोरगं लाजून आत पळतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी काय आभाळातून पडलेली नाही. लहानपणी परंड्यात माझी सुद्धा वाळत पडलेली आहे. पण उदयपूरचा उजेड डोळ्यांत भरला होता ना! भिंतीवर लावली की ती कला, एवढंच डोक्यात.

दूधवालीला मी हसून सांगितलं. मग गॅसवाला म्हणाला, "ताई, उन्हात टाका, दिव्यानं कधी वाळायची?" मग शेजारच्या काकू आल्या आणि त्यांनी तर पंख्याचं बटणच दाबलं. मला हसू यायचं. कचेरीत मी तिखटमीठ लावून सांगायची आणि सगळे पोट धरून हसायचे. मी वाकळीचा फोटो काढून आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "आमच्या आत्याबाईंची कमाल." एकापाठोपाठ एक उत्तरं आली. "वाळली का?" "काळजी घ्या मावशींची." "डॉक्टरला दाखवा, आजकाल गोळ्या निघाल्यात." आणि हात जोडलेली चित्रं, ओळीनं.

तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. घरात लहान पोर नाही. पोरगा पुण्याला. मी आणि मास्तर धडधाकट. मग वाकळ ओली केली कुणी? प्रश्नाला एकच उत्तर उरत होतं आणि ते उत्तर आतल्या खोलीत बसून शेंगा फोडत होतं. मी मात्र "अडाणी लोक" म्हणून मोकळी झाले आणि एकेकाला कलेवर भाषण लिहून पाठवायला लागले.

आत्याबाईंनी मला तीनदा सांगितलं. पहिल्यांदा म्हणाल्या, "काढ की ती." दुसऱ्यांदा म्हणाल्या, "निदान दिवे तरी बंद कर." तिसऱ्यांदा, जळकोटहून ह्यांच्या मावशीची सून लग्नाची पत्रिका घेऊन आली होती, तेव्हा. ती बाई चहा पिता पिता भिंतीकडं बघत होती आणि जाताना आत्याबाईंचा हात हातात घेऊन हळू म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका, मावशी. वय झालं की व्हतंय." ती गेल्यावर आत्याबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "पोरी, माझी अब्रू टांगलीयस तू भिंतीला," त्या म्हणाल्या.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या कलेची किंमत तुम्हालाच नाही."

हे लिहिताना सुद्धा स्वतःच्या एक कानाखाली वाजवावी वाटते. त्या दिवसापासून पाहुणे आले की आत्याबाई मधल्या दाराचा पडदा ओढून आत बसायच्या. तो पडदा सुद्धा मीच आणलेला, मोरांचा.

लग्न जळकोटला होतं. आत्याबाईंच्या धाकट्या बहिणीचं, म्हणजे आमच्या मावशींचं घर तिथं हायवेला लागून आहे. मावशींच्या नातीचं लग्न. त्यांच्या घरात रीत अशी की पोरीच्या लग्नाआधी घरातल्या सगळ्या बायका मिळून तिच्यासाठी एक वाकळ शिवतात. वाकळीचे थर अंगणात अंथरतात आणि बायका चारी बाजूंनी बसून काठाकडून मधे टाके घालत येतात. थर सरकू नयेत म्हणून मधोमध एक बाई बसते, नात्यातली सगळ्यात मोठी. तिला वजन म्हणतात. "वजनाला कोण बसणार?" असं विचारतात. गेली पंधरा वर्षं त्या घरात वजनाला आत्याबाईच बसल्यात. चाळीस किलोची बाई! ह्यांनी एकदा विचारलं होतं, "आई, मावशी नव्वद किलोची आहे, तिला का नाही बसवत?" आत्याबाई म्हणाल्या होत्या, "वजन मासाचं नसतंय, बाबा."

अशा कामाची त्या वाट बघत असतात. या वेळी आठ दिवस आधी निघाल्या. नवीन लुगडं, स्वतःच्या सुया कातड्याच्या पाकिटात. एसटीत बसल्यावर त्यांनी मला खिडकीतून हात केला. त्यांच्या तोंडावर असं हसू मी महिनाभर पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. आत्याबाई आपणहून कधी फोन करत नाहीत. फोनवर बोलताना त्यांना वाटतं सगळं गाव ऐकतंय.

"मला न्यायला या," त्या म्हणाल्या.

"का? काय झालं? वाकळ झाली का शिवून?"

"उगंच. या म्हणलं की या."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही दोघं निघालो. जळकोटात उतरलो तेव्हा अकरा वाजले असतील. हे पेढे घ्यायला दुकानापाशी थांबले आणि मी पुढं झाले.

अंगणात पत्र्याच्या सावलीत वाकळ अंथरली होती. कोरं गुलाबी कापड, खाली जुन्या लुगड्यांचे थर. चारी बाजूंनी दहाबारा बायका हातात सुया घेऊन. मी मधे बघितलं. मधे आत्याबाई नव्हत्या. मधे पाटा ठेवला होता. चटणी वाटायचा दगडी पाटा.

आत्याबाई भिंतीकडेला बसल्या होत्या. खाली सतरंजी नाही, चटई नाही. खताचं रिकामं प्लॅस्टिकचं पोतं अंथरून दिलं होतं, त्याच्यावर. पुढ्यात सुयांचा ढीग. त्या सुयांत दोरे ओवत होत्या आणि एक लहान पोरगी त्या नेऊन बायकांना देत होती. मला बघून त्यांनी मान वर केली नाही.

"मावशी, हे काय?" मी विचारलं. "आत्याबाई तिथं का बसल्यात?"

मावशींनी सुई थांबवली नाही. "तिथं तिला वारं लागतंय."

"पोत्यावर?"

ती पत्रिका घेऊन आलेली सून हळू म्हणाली, "वहिनी, नवरीचं कापड हाय. कोरं हाय. चुकून काय झालं तर अपशकुन नको म्हणून. तुमच्या आत्याबाईंची काय चूक न्हाय, वयच हाय त्यांचं. झोपायला बी आमी मेनकापड घालून दिलंय, काय त्रास होऊ दिला न्हाय."

चार रात्री! चार रात्री ती बाई मेनकापडावर झोपली होती. मग माझा आवाज सुटला.

"अहो, ती वाकळ ओली नव्हती! मी लावली भिंतीला! शोसाठी लावली!"

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. एक जण फिस्सकन हसली. "शोसाठी? वाकळ?"

"उदयपूरला हॉटेलात लावतात!"

"हॉटेलात कुणी मुतलं आसंल," मावशी म्हणाल्या.

"तसं नाही, मावशी! कला असते ती! लोक लांबून बघायला येतात!"

"आन मग वर दिवे कशाला लावले व्हते?"

"दिवे ती उठून दिसावी म्हणून!"

"आन पंखा?"

"पंखा आधीपासून तिथंच आहे हो!"

जितकं खरं सांगत गेले तितकं ते खोटं वाटायला लागलं. माझं मलाच वाटायला लागलं. कोण शहाणी बाई वाकळ भिंतीला टांगून तिच्यावर दोन दोन दिवे सोडील? पलीकडची एक म्हातारी मायेनं म्हणाली, "गुणाची हाय गं सून. सासूला कशी झाकून घेतीय." सगळ्या जणींनी माना हलवल्या. माझं कौतुक सुरू झालं. आत्याबाई एकेक दोरा ओवत होत्या आणि तो कधी नव्हे तो सुईच्या नेढ्यातून सारखा चुकत होता.

ते मला बघवलं नाही. बास झालं, म्हटलं.

"मी मुतले," मी म्हणाले.

नवरी मोबाइल बघत दारात उभी होती, तिनं मोबाइल खाली घेतला.

"ती वाकळ मी ओली केली होती. आत्याबाईंनी नाही. मी. शिंकलं की होतं मला. खोकलं की होतं. पोरगा झाल्यापासून. लाज वाटली म्हणून शोचं सांगत सुटले." एवढं बोलून मी मागं बघितलं तर हे फाटकात, हातात पेढ्यांचा बॉक्स. त्यांनी माझ्याकडं बघितलं, बायकांकडं बघितलं आणि आले तसे परत रस्त्यावर गेले.

या वेळी मात्र एकीनं सुद्धा शंका काढली नाही. मघापासून खरं सांगून पटलं नव्हतं, आणि हे एका दमात पटलं! माझ्या भिंतीचं, काठीचं, फोकसचं सगळ्यांना आपोआप कळलं. मग पत्रिकावाली सून खाली बघून पुटपुटली, "शिंकलं की व्हय? मला बी व्हतंय. धाकट्याच्या बाळंतपणापासून."

"तुला बी?" तिच्या शेजारची म्हणाली. "म्या तर हसायचंच सोडून दिलंय."

"एसटीत खड्डा आला की," कुणीतरी म्हणालं.

"म्या दोन लुगडी नेसते," ती पलीकडची म्हातारी म्हणाली, मघाची मायाळू.

मग काय विचारता! सुया बाजूला पडल्या. एकीचं झालं की दुसरीचं. कुणाला पायऱ्या चढताना, कुणाला घागर उचलताना, कुणी तर वर्षभर लग्नाकार्याला गेलीच नव्हती, नवऱ्याला सांगायची गुडघे दुखतात म्हणून. मी कचेरीत एवढ्या बायकांत बसते, पण हे असं उघड कधी ऐकलं नव्हतं. हसत होत्या आणि हसताना एकमेकींचा हात घट्ट धरत होत्या, आणि का धरत होत्या ते आता सगळ्यांना माहीत होतं. शेवटी सगळ्या मावशींकडं बघायला लागल्या. मावशींनी थोडा वेळ सुईत डोळे घातले.

"बघताय काय माझ्याकडं?" त्या खेकसल्या. "व्हय. मला बी."

त्यावर जो हशा झाला त्यात निम्म्या बायका उठून मागं पळाल्या.

मी हसता हसता रडत होते. आत्याबाईंना काय वाटत असेल म्हणून त्यांच्याकडं बघितलं, तर त्या पोत्यावरून उठल्या होत्या. लुगड्याचा पदर झटकला, सुयांचं पाकीट कमरेला खोचलं आणि वाकळीच्या काठापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"म्हंजी हितं म्या एकलीच कोरडी हाय," आत्याबाई म्हणाल्या.

मावशींनी हातातली सुई कापडात खोचली.

"पाटा उचला."

मावशी आणि त्यांची सून, दोघींनी लगबगीनं उठून पाटा उचलला. आत्याबाई चपला काढून गुलाबी कापडावरून चालत मधोमध गेल्या, मांडी घातली, दोन्ही बाजूंचे थर हातानं सारखे केले आणि बसल्या. नव्वद किलोच्या मावशींनी खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "व्हय व्हय," आत्याबाई म्हणाल्या, "सुया घ्या हातात, ऊन चढाय लागलंय."

बायका आपापल्या जागी बसल्या. मी सुद्धा चप्पल काढली आणि एक कोपरा बघून बसायला वाकले.

"तू कुटं?" आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात एक थेंब नव्हता. "कोरं कापड हाय, पोरी. तू त्या पोत्यावर बस."

मी जाऊन पोत्यावर बसले आणि सुयांत दोरे ओवायला लागले.